यशदी लांठशाबं बाज्ञी लीझ मोतषी म्हणजे काय रे भाऊ

टायटलमध्ये टायपो नाहीये. हे वाक्य माझ्या आजीच्या वहीत शेवटून दुसऱ्या पानावर, धोब्याच्या हिशोबाखाली, पेन्सिलीने लिहिलेलं आहे, अगदी असंच्या असं, आणि गेले तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाहीये. नवरा तर आता चहा मागताना पण यशदी म्हणतो.

झालं असं की आई सध्या आमच्याकडे पुण्याला आलीये आणि मला मेतकुटाचं प्रमाण हवं होतं. आईचं प्रमाण म्हणजे "अंदाजे गं", त्यामुळे मिरजेचं घर विकलं तेव्हा ट्रंकेतून आणलेली आजीची वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हर, तेलाचे डाग इतके की काही पानं उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. आजी लिहायची पण कशी, एकेक शब्द म्हणजे पदरचे पैसे मोडल्यासारखा. मेतकूट चार ओळीत. सांडगी मिरची तीन ओळीत. १०० कैऱ्यांचं लोणचं एक पूर्ण पान आणि त्याच्या खाली वेगळ्या शाईत फक्त "जून ७४. बरणी फुटली. मांजर."

ही बरणी आमच्या घराण्यात फेमस आहे. मोठी चिनी मातीची, वर चॉकलेटी खाली पांढरी, दादरा बांधून कोठीच्या खोलीत ठेवलेली, वर्षाचं लोणचं त्यात, आणि एका दुपारी सगळे झोपलेले असताना ती फुटली. मनी नावाचं मांजर होतं, ते तिथेच पाय चाटत बसलेलं सापडलं. मग आजोबांनी मनीला पोत्यात घातलं, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि कृष्णेच्या पुलापलीकडे सोडून आले. आठव्या दिवशी मनी परत हजर. आई ही गोष्ट दर उन्हाळ्यात सांगायची आणि मनी परत येते तिथे आम्ही सगळी पोरं टाळ्या वाजवायचो. असो, हे आपलं सहज आठवलं म्हणून, मुद्दा पेन्सिलीच्या वाक्याचा.

आईला दाखवलं. तिने चष्मा न लावताच बघितलं, "मला नाही बाई आठवत काही, पोरांनी गिरगटलं असेल, तू मेतकुटाचं बघ." मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथेच माझं चुकलं.

अर्ध्या तासात लीझ या शब्दावर सगळे तुटून पडले. बघा ना, तुम्हीच वाचा, लीझ. मावसभाऊ म्हणाला हे नक्की प्लॉटचं आहे, यशदी हे बाईचं नाव, मोतषी आडनाव, आणि मधला मजकूर म्हणजे तिला जागा लीझवर दिलीये. मामाला लगेच आठवलं की मिरज स्टेशनकडे आजोबांची एक जागा होती म्हणे आणि ती "अशीच गेली". त्या रात्री मोतषी आडनावाची माणसं कुठे असतात यावर ७० मेसेज झाले. एका काकांनी ही मोडी आहे असं सांगितलं, त्यांना न वाचता येणारं सगळंच मोडी असतं. एका काकूंनी मला वेगळा फोन करून सांगितलं की असलं काही मंत्रबिंत्र असेल तर ती वही घरात ठेवू नकोस. मिरज पडली कर्नाटकाच्या वेशीवर म्हणून कुणीतरी कानडीची शंका काढली, ती मी ऑफिसमधल्या धारवाडच्या मैत्रिणीला विचारली, तिने दोनदा मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, कानडीत पण हे इतकंच येडपट वाटतंय. चॅटबॉटला विचारलं तर त्याने छातीठोकपणे सांगितलं की ही प्राचीन पालीतली ओळ असून अर्थ "यशस्वी माणसाला मोती मिळतो" असा आहे. वा.

मला स्वतःला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की ही पोरांची सांकेतिक भाषा आहे. आम्ही लहानपणी च ची भाषा बोलायचो, शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च, म्हणजे मला चं चलाम. मोठ्यांना कळत नाही असा आमचा समज होता आणि मोठे तो समज मोडत नव्हते एवढंच. पण या वाक्यात च कुठेच नाही, आणि बोलायची भाषा आणि लिहायची भाषा यात फरक असतो. लिहिताना सगळ्यात सोपं काय, तर अक्षरं सरकवायची. क च्या जागी ख, ख च्या जागी ग, सगळी फौज एकेक घर पुढे.

हे प्रकरण जुनं आहे. रोमच्या ज्युलियस सीझरची खासगी पत्रं अशीच तीन घरं सरकवून लिहिलेली असायची, ए च्या जागी डी, असं सुएटोनियस नावाच्या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. त्याच्यानंतरचा ऑगस्टस तर एकच घर सरकवायचा, आणि शेवटच्या एक्सला परत फिरून ए वर आणायच्या ऐवजी सरळ दोन ए लिहायचा, म्हणजे सम्राट असून मोड्युलो (शेवटून परत पहिल्यावर यायचं गणित) आला नाही. आणि हे सगळं इतिहासजमा झालं म्हणावं तर २००६ साली सिसिलीत माफियाचा मोठा डॉन बेर्नार्दो प्रोव्हेंझानो पकडला, चाळीसहून जास्त वर्षं फरार होता हा माणूस, त्याच्या चिठ्ठ्यांमध्ये नावांच्या जागी आकडे होते, आणि ते आकडे म्हणजे ए ला ४, बी ला ५, सी ला ६. परत तीनच घरं! इतकी वर्षं पोलिसांना गुंगारा देणारा माणूस आणि कुलूप हे असलं.

तर मी टेस्टिंगमध्ये काम करते, पायथॉन थोडंफार येतं, म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये नंबर असतो, क म्हणजे २३२५ आणि ह म्हणजे २३६१, मात्रांना हात लावायचा नाही, फक्त व्यंजनाच्या नंबरातून १ वजा करायचा, मग २, मग ३, सगळ्या ओळी छापायच्या आणि ज्या ओळीत मराठी दिसेल ती आपली. रात्री साडेअकराला रन केलं. पहिली ओळ मवथी पासून सुरू. दुसरी भऴती. त्यात तो ऴ बघितला का? मी पण बघतच बसले. पुढे नुक्ता (म्हणजे खाली ठिपका) दिलेला न, नुक्ता दिलेला र, ङ ला जोडलेला छ, असली अक्षरं आली की मला वाटलं लॅपटॉपचा फॉन्ट बिघडलाय. वैतागून बंद केलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर कळलं की फॉन्टची काही चूक नाही, माझीच आहे. युनिकोडमध्ये अक्षरं आपल्या तक्त्यासारखी बसलेली नाहीयेत. न आणि प च्या मधे ऩ आहे, र आणि ल च्या मधे ऱ आहे, ळ हा शेवटी नाही तर ल च्या शेजारी घुसलाय आणि त्याच्या मागे तो तमिऴ मधला ऴ. द्राविडी भाषांचे उच्चार देवनागरीत लिहिता यावेत म्हणून हे पाहुणे आलेत. ऱ तर आपण पण वापरतो, वऱ्हाड आणि दऱ्या मधला तोच की, पण मिरजेच्या शाळेत पाटीवर हा कोण गिरवत होतं? आणि आपला ज्ञ, तो तर कॉम्प्युटरला अक्षरच वाटत नाही, ज मग हलन्त मग ञ असे तीन तुकडे, आणि माझा प्रोग्राम ते दोन्ही वेगवेगळे सरकवत बसला. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर भिंतीवरचा तक्ता होता आणि मी दुसऱ्याच तक्त्यावर मोजत होते.

खरं तर तेव्हाच प्रोग्राम दुरुस्त केला असता तर ही पोस्ट इथेच संपली असती. पण मधेच मला एक भारी गोष्ट सापडली आणि मी भरकटले. कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, त्यातली एक कला म्हणजे म्लेच्छितविकल्प, म्हणजे दुसऱ्याला कळू नये असं बोलणं लिहिणं. आणि त्यावर यशोधर नावाच्या पंडिताची जी टीका, म्हणजे भाष्य, आहे तिच्यात पद्धती पण दिल्यात, त्यातली एक मूलदेवीय. यात सरकवणं नाही, अदलाबदल आहे, अक्षरांच्या जोड्या लावायच्या, य च्या जागी श आणि श च्या जागी य, तसंच र आणि ष, ल आणि स, न आणि म, त आणि प, ञ आणि ण, ज्यांना जोडी नाही ती जागेवर. छान गोष्ट ही की उलगडायला वेगळं काही शिकावं लागत नाही, परत तेच केलं की मूळ मिळतं. मी लावून बघितलं तर आलं "शयदी सांठयाबं बाज्णी सीझ नोपरी".

सीझ!! लीझचं सीझ झालं. हे मी ग्रुपवर टाकायला नको होतं पण टाकलं, आणि मामाने लिहिलं, बघा, मी म्हणत नव्हतो जागा जप्त झाली. सांठयाबं म्हणजे साठ्याबाबत. दोन दिवस परत तेच.

यातून एक कळलं ते सांगते, कुठल्याही कचऱ्यात चार ओळखीची अक्षरं शेजारी आली की माणसाचा मेंदू त्याचं मराठी करतोच. म्हणून उत्तर बरोबर आहे की नाही हे "काहीतरी अर्थ लागतोय" वर ठरवायचं नसतं, सगळं वाक्य एकाच नियमाने सुटलं पाहिजे, एक अक्षर इकडून एक तिकडून असं चालत नाही. अक्षरं मोजायची युक्ती पण करून बघितली, नवव्या शतकात बगदादच्या अल किंदीने ती लिहून ठेवलीये, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते बघायचं आणि भाषेतल्या नेहमीच्या अक्षरांशी ताडून बघायचं. पण आमच्या वाक्यात अक्षरं एकूण चौदा, त्यातली श, ल आणि ब दोनदा, बाकी एकेकदाच. चौदा अक्षरांत काय मोजणार, कपाळ.

सुटलं ते पोराच्या एका प्रश्नामुळे. तो सातवीत आहे, भाजी आवडत नाही म्हणून ताटासमोर बसून टाइमपास करत होता, आणि फ्रिजवर चिकटवलेलं ते वाक्य वाचून म्हणाला, आई, शब्द विचित्र आहेत पण मात्रा एकदम नॉर्मल आहेत ना. मी म्हटलं म्हणजे? तर म्हणे, बाज्ञी म्हणजे आ आणि ई, माझी सारखं. साडी सारखं.

मी पोळी तव्यावरच सोडून आले. खरंच की! इंग्लिशमध्ये सरकवलं तर स्वर पण सरकतात, सगळंच झाकलं जातं. आपल्याकडे व्यंजन सरकलं तरी मात्रा तिथेच बसून राहते, म्हणजे चेहऱ्यावर बुरखा आणि अंगात रोजचाच शर्ट. आता फक्त असे शब्द शोधायचे ज्यांचं माप आ-ई आहे आणि ते वाक्याच्या मधे येतात. कागद घेतला आणि दोघं लिहीत सुटलो, माझी, काही, गाडी, साडी, बाकी, पाटी, आणि प्रत्येकासाठी घरं मोजली. काही असेल तर क पासून ब बावीस घरं लांब आणि ह पासून ज्ञ तीनच घरं, दोन्ही आकडे सारखे हवेत, म्हणजे बाद. गाडी मध्ये ग ते ब वीस आणि ड ते ज्ञ तेवीस, जवळ आलं पण बाद. बाकी मध्ये तर ब चा ब च राहतो, बाद. मग पोरगा म्हणाला नाही. मी म्हटलं नाही काय नाही, सांग की. तो म्हणे अगं नाही, नाही हा शब्द.

न, प, फ, ब. तीन. ह, ळ, क्ष, ज्ञ. तीन.

अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. आणि त्या लांठशाबं च्या शेवटी पण बं आहे, ब म्हणजे न धरला तर तिथे नं येतो, रामानं, बाबानं वाला नं. दोन ठिकाणी एकच अक्षर बरोबर बसलं. पोळीचा कोळसा झाला होता तोवर.

आता हे वहीत मोजून पण झालं असतं पण पोराला चकती करायचीच होती. एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची मोठी चकती, त्यावर दुसरीची छोटी, मधे टाचणी, आणि दोन्हींच्या कडेला क ते ज्ञ. अशी चकती इटलीत पंधराव्या शतकात अल्बेर्टीने केली होती, त्याची तांब्याची होती, आमची चि. सौ. कां. वाली. आणि इथे एक फार गोड गोष्ट आहे, आपली मुळाक्षरं क पासून ज्ञ पर्यंत बरोबर छत्तीस. वर्तुळाचे अंश ३६०. म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक ठेवायचा आणि दर दहा अंशांवर एक अक्षर! इंग्लिशवाल्यांना २६ अक्षरांना १३.८ का काय ते मोजत बसावं लागतं, आपल्याला कसं सुटसुटीत. पोराने एवढा वेळ भूमितीला आजवर दिलेला नाही.

चकती तीन घरं फिरवली आणि एकेक अक्षर वाचायला लागलो. तो वाचतोय मी लिहितेय. य चा ब. श चा र. द चा ण. बरणी.

बरणी!

मग मां. मग ठ चा झ. रा. नं. मांझरानं. मग नाही. मग ली चा मी, झ चा च. मग फो, ड, ली.

बरणी मांझरानं नाही मीच फोडली.

पोरगा किंचाळला आणि मी आतल्या खोलीकडे बघितलं, आई टीव्ही बघत होती, आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा.

पण थांबा, अजून एक गाठ राहिली होती. मांझरानं. सगळं चोख सुटलं आणि एकच अक्षर हुकलं? पोरगा म्हणे शुद्धलेखन चुकलं असेल, लिहिणारी लहान असेल ना. मला टेस्टिंगची सवय, एक बग राहिला की झोप येत नाही. झ चुकून लिहिला असं म्हणायचं तर मिरजेत मांजराला मांझर कोण म्हणतं? लिहिणाऱ्याला ज म्हणायचा होता तर तीन घरं पुढे, ज नंतर झ, ञ, ट. ट यायला हवा होता. वहीत ठ आहे, भिंग घेऊन बघितला, ठ च आहे. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हिशोबात ज, झ, ट, ठ. मधला ञ गायब!

आणि मग एकदम भिंतीवरचा तक्ता डोळ्यासमोर आला. क कमळाचा, ग गणपतीचा. ण ने कुठला शब्द सुरू होत नाही तर त्याला बिचाऱ्याला बाणाचा केला, ळ ला बाळाचा केला, पण ङ आणि ञ? त्यांच्या घरात चित्रच नसायचं. तक्ता म्हणताना पोरं घ वरून सरळ च वर उडी मारतात आणि झ वरून ट वर. जिने हे लिहिलं तिच्या मोजणीत ती दोन घरं नव्हतीच. बाकीची अक्षरं बरोबर का आली तर ती त्या दोन घरांना ओलांडून जातच नाहीत, अख्ख्या वाक्यात एकटा ज ञ च्या डोक्यावरून उडी मारतो. त्या एका ठ ने सगळी चुगली केली. (चौतीस अक्षरांची चकती करायला पोराने साफ नकार दिला, ३६० भागिले ३४ करून बघा म्हणजे कळेल का ते.)

त्या रात्री माझ्या पहिल्या प्रोग्रामचं आउटपुट परत उघडलं. तिसरी ओळ. "बळणी यांझळाऩं ऩाङ्छी यीच फोडऴी". पहिल्याच दिवशी साडेअकरा वाजता हे माझ्या स्क्रीनवर होतं. बळणी, यीच, फोडऴी. बोबड्या पोराने वाचून दाखवल्यासारखं सगळं समोर होतं आणि मी फॉन्टला शिव्या देत बसले होते.

आता प्रश्न उरला, मीच म्हणजे कोण? जून ७४ मध्ये आई अकरा वर्षांची आणि मावशी नऊ. मामा तर तेव्हा रांगत होता. दोघींची ही गुप्त भाषा होती हे दोघींनी कबूल केलं, पण पुढे काही नाही. आई म्हणाली अक्षर बघ, ते तिचं आहे, माझा झ असा नसतो. मावशी बडोद्याला असते, तिला व्हिडिओ कॉल लावला, वही कॅमेऱ्यासमोर धरली, ती म्हणाली हे ताईचंच, शंभर टक्के, माझ्यावर ढकलू नकोस म्हणावं, आणि मग पाच मिनिटं हसत सुटली. आपण आपलं मधे फोन धरून उभं.

मग मला वाटलं आपण फार हुशार. म्हटलं दोघींनी मुळाक्षरं म्हणून दाखवा, जी ङ आणि ञ गाळेल ती चोर. मावशी आधी म्हणाली, क ख ग घ च छ ज झ ट ठ, गाडी न थांबता. मी मनात म्हटलं सापडली. मग आई म्हणाली, क ख ग घ च छ ज झ ट ठ. तोच सूर, तीच गाडी. मी विचारलं घ च्या पुढचं कुठे गेलं, तर दोघी एकदम, गुरुजी म्हणायचे ते नुसतं बघायचं असतं, म्हणायचं नसतं. एकच शाळा, एकच गुरुजी. पुरावा फुस्स.

ग्रुपवर मी उत्तर टाकलं. मामाने अंगठा दिला फक्त, प्लॉट गेल्याचं दुःख असावं. मावसभावाने विचारलं मग मोतषी कोण. काकूंनी वही ठेवायला हरकत नाही असं कळवलं.

रात्री जेवताना परत लोणच्याचा विषय निघाला, पोरगा आजीला म्हणाला, आजी, पण त्या मनीला उगाच पोत्यात घातलं ना तुम्ही, तिने काहीच केलं नव्हतं. आई काही बोलली नाही. भातावर मेतकूट घातलं, तूप घातलं, कालवलं. मग ताटाकडे बघत म्हणाली, "ती बरणी आधीपासूनच चिरलेली होती."